नोंदींवरून शिरगणती : सरकारी दप्तरातून होणारी जनगणना

दोन रीती

देशात राहणाऱ्या प्रत्येक माणसाची, एका ठरावीक क्षणाला धरून, एकाच व्याख्येने केलेली मोजणी म्हणजे जनगणना. संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक तत्त्वांत तिची लक्षणे नेमकी सांगितली आहेत : प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र नोंद, ठरलेल्या भूभागातील कोणालाही न वगळणे, सर्वांसाठी एकच संदर्भक्षण, ठरावीक काळाने पुनरावृत्ती आणि गाव-वॉर्डाइतक्या लहान क्षेत्राचे आकडे देण्याची क्षमता. प्रगणकाने दारोदार जाऊन प्रश्न विचारलेच पाहिजेत, असे या लक्षणांत कुठेही म्हटलेले नाही.

भारतीयांना परिचित आहे ती दारोदारची रीत. २०११ च्या जनगणनेत ९ ते २८ फेब्रुवारी या काळात प्रगणक घरोघर गेले, २८ फेब्रुवारीच्या रात्री फूटपाथ, रेल्वे स्थानके, पुलांखालच्या जागा येथे बेघरांची मोजणी झाली आणि १ मार्चची सुरुवात हा संदर्भक्षण धरून मधल्या काळातील जन्म-मृत्यूंची दुरुस्ती झाली. सुमारे २७ लाख कर्मचारी या कामाला लागले होते आणि त्यांत मोठा भरणा शिक्षकांचा होता. त्यातून १२१ कोटींचा आकडा हाती आला.

दुसऱ्या रीतीत कोणी दार ठोठावत नाही आणि कोणी फॉर्म भरत नाही. करखाते, शाळा, रुग्णालये, निवृत्तिवेतन कार्यालये, नगरपालिका यांच्या दप्तरांत आधीच असलेल्या नोंदी एकमेकींशी जुळवल्या जातात आणि ठरलेल्या दिवशी कोण कुठे राहत होते, याचे उत्तर त्यांतून काढले जाते. डेन्मार्कने १९८१ मध्ये अशी संपूर्ण जनगणना केली आणि तसे करणारा तो जगातला पहिला देश ठरला. फिनलंडने १९९० मध्ये तोच मार्ग घेतला. २०११ च्या फेरीत नॉर्वे, स्वीडन, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया या देशांनी आणि २०२१ मध्ये स्पेनने ती रीत अवलंबली. या देशांत जनगणना होऊन गेली तरी बहुतेक नागरिकांना त्याचा पत्ताही लागत नाही. खर्चही दारोदारच्या मोजणीच्या मानाने फार कमी येतो. मात्र ही स्वस्ताई फसवी ठरू शकते, कारण ज्या नोंदवह्यांवर ती उभी असते त्या उभारण्यात आणि रोज अद्ययावत ठेवण्यात झालेला खर्च जनगणनेच्या हिशेबात दिसत नाही.

तीन नोंदवह्या आणि एक क्रमांक

अशी जनगणना तीन पायाभूत नोंदवह्यांवर उभी राहते. पहिली माणसांची, दुसरी घरांची आणि तिसरी उद्योग व आस्थापनांची. या तिन्ही एकमेकींना जोडायच्या तर प्रत्येक माणसाला, प्रत्येक घराला आणि प्रत्येक आस्थापनेला आयुष्यभर टिकणारा, कधीही दुसऱ्याला न दिला जाणारा क्रमांक हवा.

डेन्मार्कमध्ये १९६८ साली केंद्रीय व्यक्तिनोंदणी सुरू झाली आणि प्रत्येक रहिवाशाला दहा अंकी क्रमांक मिळाला. त्यातले पहिले सहा अंक जन्मतारखेचे असतात. पगारातून थेट करकपात करण्याची पद्धत तिथे लवकरच यायची होती आणि त्यासाठी प्रत्येक करदाता खात्रीने ओळखता येणे गरजेचे होते. नोंदवहीमागे सांख्यिकीची हौस नव्हती, करवसुलीची निकड होती. पुढे १९७७ मध्ये इमारती व घरांची नोंदवही तयार झाली. माणसाचा क्रमांक आणि घराचा पत्ता जोडला जाताच कोणत्या घरात किती माणसे राहतात हे दप्तरातूनच कळू लागले. घर बदलले की पाच दिवसांत नवा पत्ता कळवणे डेन्मार्कमध्ये बंधनकारक आहे.

घरांची नोंदवही हे सर्वांत चिकाटीचे काम, आणि ते किती बारकाईने करावे लागते याचे उदाहरण नॉर्वेत दिसते. रस्त्याचे नाव आणि इमारतीचा क्रमांक एवढ्यावर एकाच इमारतीतील वीस बिऱ्हाडे वेगळी काढता येत नाहीत. म्हणून तिथे बहुमजली इमारतीतील प्रत्येक घराला एक अक्षर आणि चार अंकांचा क्रमांक देण्यात आला. अक्षर मजल्याचा प्रकार सांगते : मुख्य मजला, माळा, अर्धवट जमिनीखालचा मजला की तळघर. पुढचे दोन अंक मजल्याचे आणि शेवटचे दोन अंक त्या मजल्यावर डावीकडून मोजत गेल्यावर येणाऱ्या दाराचे. ‘एच०२०३’ असे दारावर लिहिले असेल तर ते मुख्य मजल्यांपैकी दुसऱ्यावरचे, डावीकडून तिसरे घर. नॉर्वेची व्यक्तिनोंदवही १९६४ पासून होती. तरीही २००१ च्या जनगणनेत माणसांची माहिती नोंदींतून आणि घरांची माहिती छापील फॉर्मवरून घ्यावी लागली. त्या फॉर्मसोबतच घरांचे क्रमांक लोकांपर्यंत पोचवण्याचे काम झाले आणि २०११ मध्ये फॉर्मची गरज उरली नाही.

तिसरी नोंदवही कामाची माहिती देते. मालक पगाराचा आणि कराचा तपशील सरकारला कळवतो, त्यावरून कामगार कोणत्या आस्थापनेत आहे हे कळते आणि आस्थापनेवरून उद्योगक्षेत्र कळते. शिक्षणाची माहिती शाळा-विद्यापीठांच्या परीक्षा नोंदींतून येते. जोडणी झाली की सांख्यिकी कार्यालय नियम लावते. एका माणसाच्या दोन नोंदींत दोन पत्ते असतील तर कोणता खरा धरायचा, एकाच वर्षात दोन मालकांकडे काम केले असेल तर मुख्य व्यवसाय कोणता, विद्यार्थी शिकतो त्या शहरात मोजायचा की आईवडिलांच्या घरी? प्रगणक हे प्रश्न दारात उभा राहून, माणसाला विचारून सोडवतो. नोंदींच्या जनगणनेत ते आधीच लिहून ठेवलेल्या नियमांनी सुटतात आणि नियम चुकला तर चूक एका घरात न राहता देशभर पसरते.

व्याख्याही बदलाव्या लागतात. भारतीय जनगणनेत कुटुंब ओळखले जाते ते एकत्र राहून एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्यांवरून. एका छपराखाली दोन भावांच्या दोन चुली असतील तर कुटुंबे दोन. नोंदवहीला दार कळते, चूल कळत नाही. म्हणून नॉर्डिक देशांत एका घरात नोंदलेले सगळे मिळून एक कुटुंब धरले जाते. एकत्र कुटुंबाच्या आणि वाटण्यांच्या देशात हा फरक लहान नाही.

पाद्र्याच्या वहीपासून संगणकापर्यंत

नोंदींची ही परंपरा उत्तरेकडे फार जुनी आहे. स्वीडनमध्ये १६८६ च्या चर्च कायद्याने प्रत्येक पाद्र्याला आपल्या परगण्यातील जन्म, विवाह, मृत्यू आणि ये-जा यांची नोंद ठेवणे बंधनकारक केले. पाद्री वर्षातून एकदा घरातल्या मंडळींना जमवून त्यांचे वाचन आणि धर्मप्रश्नोत्तरीचे ज्ञान तपासत असे आणि त्या परीक्षेच्या वहीत घरातील प्रत्येकाचे नाव, जन्मतारीख, कुठून आला, कुठे गेला हेही उतरवत असे. १७४९ पासून या वह्यांवरून देशभराचे तक्ते तयार होऊ लागले. त्यात आजचा फिनलंडही होता, कारण तो तेव्हा स्वीडनचा भाग होता. लोकसंख्येची अशी सलग आकडेवारी इतक्या आधीपासून असलेले देश जगात फार थोडे.

विसाव्या शतकात या वह्या चर्चमधून सरकारी कचेऱ्यांत आणि तिथून संगणकात गेल्या. स्वीडनने १९४७ मध्ये व्यक्तिक्रमांक दिला. नॉर्वेत स्वेन नूर्डबॉटन या सांख्यिकीतज्ज्ञाने साठच्या दशकातच असा विचार मांडला की, प्रत्येक सर्वेक्षणाची माहिती सुटी न ठेवता व्यक्तिक्रमांकाच्या आधाराने एकत्र जुळेल अशी साठवावी. पुढच्या सगळ्या कामाची बीजे त्यात होती.

तरीही वेग संथच राहिला. डेन्मार्कला व्यक्तिक्रमांकापासून पूर्ण जनगणनेपर्यंत तेरा वर्षे लागली. फिनलंडने १९७० च्या जनगणनेत नोंदी आणि प्रश्नावली एकत्र वापरल्या आणि वीस वर्षांनी प्रश्नावली सोडली. नॉर्वेत क्रमांक आणि नोंदींची जनगणना यांत सत्तेचाळीस वर्षांचे अंतर आहे. या काळात जुनी आणि नवी रीत शेजारी-शेजारी चालवून ताडून पाहिल्या गेल्या, दर फेरीला नोंदींचा वाटा थोडा वाढवला गेला आणि खात्री पटल्यावरच जुनी रीत थांबवली गेली.

नोंद कधी होते

नोंदींच्या जनगणनेचे बळ आणि तिचा कच्चेपणा एकाच गोष्टीत आहे : माणसाला सरकारकडून काही हवे असते किंवा सरकारला माणसाकडून काही हवे असते, तेव्हा नोंद होते. डेन्मार्कमध्ये व्यक्तिक्रमांकावाचून डॉक्टर मिळत नाही, पगार जमा होत नाही, बँकेत खाते उघडता येत नाही. म्हणून देशात येणारा माणूस स्वतःहून नोंद करतो. पण देश सोडून जाणाऱ्याला नाव कमी करून काय मिळते? बहुतेकदा काहीच नाही. येण्याची नोंद घाईने होते आणि जाण्याची राहून जाते. त्यामुळे नोंदवही हळूहळू फुगत जाते.

महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात हा नियम सातबाऱ्यावर पाहायला मिळतो. खातेदार वारून पंधरा-वीस वर्षे झाली तरी उताऱ्यावर त्याचेच नाव असते. जमीन विकायची वेळ येते, कर्ज काढायचे असते किंवा भूसंपादनाचा मोबदला जाहीर होतो, तेव्हा वारसनोंदीसाठी धावपळ सुरू होते. तोवर कागदावर आजोबा जिवंत असतात. अशा उताऱ्यांवरून गावातील जमीनधारक मोजले तर जिवंत आणि मृत एकत्रच मोजले जातील.

हा दोष किती मोठा होऊ शकतो हे जर्मनीत दिसले. १९८७ नंतर जर्मनीत जनगणना झाली नव्हती. त्या आकड्यावर जन्म-मृत्यू आणि नोंदवलेली ये-जा मिळवत दरवर्षीचा अंदाज काढला जात होता. २०११ मध्ये नगरपालिकांच्या रहिवासी नोंदवह्या आधाराला घेतल्या गेल्या आणि त्या ताडून पाहण्यासाठी सुमारे दहा टक्के लोकसंख्येची घरी जाऊन नमुना पाहणी झाली. निकाल आला ८ कोटी २ लाख. चालू अंदाजापेक्षा हा आकडा सुमारे १५ लाखांनी कमी होता आणि त्यातला मोठा वाटा देश सोडून गेलेल्या पण नाव न काढलेल्या परदेशी रहिवाशांचा होता. एकट्या बर्लिनची लोकसंख्या सुमारे १ लाख ८० हजारांनी खाली आली. जर्मनीत राज्या-राज्यांतील निधिवाटप लोकसंख्येवर ठरते, त्यामुळे बर्लिन आणि हॅम्बुर्ग यांनी घटनात्मक न्यायालयात धाव घेतली. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयाने जनगणनेची पद्धत वैध ठरवली. २०२२ च्या मोजणीतही आकडा चालू अंदाजाहून सुमारे १४ लाखांनी कमीच निघाला. नमुना पाहणी झाली नसती तर हे लाखो लोक कागदावर तसेच राहिले असते.

एस्टोनियाने याच दुखण्यावर गणिती उपाय शोधला. कामासाठी फिनलंड आणि इतर देशांत गेलेले अनेक एस्टोनियन मायदेशी रहिवासी म्हणून नोंदलेलेच राहतात. म्हणून एने-मार्गित तीत या सांख्यिकीतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी प्रत्येक व्यक्तीसाठी वास्तव्याचा निर्देशांक तयार केला. वर्षभरात त्या व्यक्तीची कोणत्या दप्तरात हालचाल झाली हे पाहिले जाते : पगार जमा झाला का, औषधाची चिठ्ठी निघाली का, शाळेत नाव आहे का, भत्ता घेतला का. यांना वास्तव्याच्या खुणा म्हणतात. गेल्या वर्षीच्या निर्देशांकाचा ०.८ वाटा आणि त्या वर्षातील खुणांचा ०.२ वाटा मिळून नवा निर्देशांक बनतो. तो ०.७ च्या खाली गेला की माणूस देशात राहत नाही असे धरले जाते. पूर्ण १ निर्देशांक असलेल्या माणसाची एक वर्ष काहीच खूण दिसली नाही तर तो ०.८ वर येतो आणि रहिवासी राहतो. दुसऱ्या वर्षीही शांतता असेल तर ०.६४ वर येतो आणि मोजणीतून बाहेर पडतो. आजारपण, प्रवास, मुलाच्या घरचे वास्तव्य अशा कारणांनी एक वर्ष गप्प राहिलेल्याला लगेच वगळायचे नाही, पण निघून गेलेल्याला कायम धरूनही बसायचे नाही, असा हा समतोल आहे. २०२१ च्या अखेरीस या पद्धतीने एस्टोनियाची लोकसंख्या सुमारे १३ लाख ३१ हजार निघाली.

फुगलेली नोंदवही ही चुकीची एक बाजू. दुसऱ्या बाजूला कोणत्याच वहीत नसलेली माणसे आहेत : बेघर, कागदपत्रांविना राहणारे स्थलांतरित, हातावर पोट असलेले आणि सरकारी कचेरीपासून जाणूनबुजून दूर राहणारे. वास्तव्याच्या खुणा शोधणारी पद्धत त्यांना शोधून काढू शकत नाही, कारण त्यांच्या खुणा उमटतच नाहीत. श्रीमंत आणि सुस्थित देशांत अशी माणसे थोडी, म्हणून तिथे चूक लहान राहते. ज्या देशात ती मोठ्या संख्येने आहेत तिथे ही रीत नेमकी गरिबांनाच वगळण्याचा धोका पत्करते.

जे दप्तरात नसते

कित्येक गोष्टी कोणत्याच कचेरीच्या कामाच्या नसतात, म्हणून त्या नोंदल्याही जात नाहीत. मातृभाषा हे त्याचे ठळक उदाहरण. भारतात २०११ मध्ये ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी मातृभाषा सांगितली. हा आकडा मिळाला तो प्रगणकाने प्रत्येकाची भाषा विचारली आणि तो सांगेल तीच लिहिली म्हणून. करखाते किंवा रुग्णालय ही माहिती ठेवत नाही. बडोदा, बेळगाव, इंदूर किंवा तंजावर येथील मराठी भाषकांची संख्या कोणत्याही सरकारी सेवेच्या नोंदीतून निघाली नसती.

व्यवसायाचेही तसेच. रुग्णालयातला स्वयंपाकी आणि शल्यविशारद एकाच आस्थापनेत नोंदलेले असतात. नोंदीतून क्षेत्र कळते, हाताचे काम कळेलच असे नाही. घरातील बिनपगारी श्रम, शेतावर राबणाऱ्या बायकांचे काम, एकट्या म्हाताऱ्यांची देखभाल कोण करते हे सगळे नोंदींच्या नजरेबाहेर राहते. परदेशात झालेले शिक्षणही देशातल्या परीक्षा मंडळाच्या यादीत नसते.

ही पोकळी देशोदेशी नमुना पाहण्यांनी भरली जाते. नेदरलँड्समध्ये घरोघर जाऊन केलेली शेवटची जनगणना १९७१ ची. पुढे तिथे लोकसंख्या नोंदवही आणि इतर दप्तरे यांना श्रमशक्ती सर्वेक्षणाची जोड देऊन शिक्षण व व्यवसायाचे तक्ते तयार होऊ लागले. एस्टोनियाने २०२१ मध्ये नोंदींच्या जोडीला नमुना पाहणी करून धर्म, परभाषांचे ज्ञान, बोली आणि आरोग्य यांबद्दल विचारणा केली. नोंदींवरून जनगणना करणारे देशही प्रश्न विचारणे पूर्ण थांबवत नाहीत. ते कमी लोकांना, नेमके प्रश्न विचारतात.

नोंदवही कोणाच्या हाती

प्रत्येक माणसाचे घर, कुटुंब, उत्पन्न आणि शिक्षण एका क्रमांकाखाली जुळते, तेव्हा त्या जुळणीचा गैरवापर किती भयंकर होऊ शकतो हे युरोपने सोसले आहे. नेदरलँड्सची लोकसंख्या नोंदवही १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात अत्यंत नेटकी झाली होती. प्रत्येक व्यक्तीचे एक कार्ड असे आणि त्यावर धर्माची नोंद असे. ती चांगल्या प्रशासनासाठी होती. १९४० मध्ये जर्मन फौजांनी देश ताब्यात घेतला, ज्यूंची वेगळी नोंदणी सक्तीची झाली आणि हीच कार्डे त्यांना शोधण्याच्या कामी आली. तिथल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी जवळपास तीन चतुर्थांश मारले गेले. शेजारच्या बेल्जियम आणि फ्रान्समध्ये हे प्रमाण बरेच कमी होते. या फरकाची कारणे अनेक आहेत आणि परिपूर्ण नोंदवही हे त्यांतले एक. २७ मार्च १९४३ रोजी खेरित फान डर फेन, विलेम अरोंदेउस आणि त्यांच्या साथीदारांनी अॅमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयावर हल्ला करून कार्डे जाळण्याचा प्रयत्न केला. काही भाग नष्ट झाला. पुढे बारा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. माणसे वाचवण्यासाठी नोंदी जाळण्याची वेळ एका सुसंस्कृत देशावर आली, ही गोष्ट या विषयाच्या प्रत्येक चर्चेत जमेस धरावीच लागते.

दुसरा टप्पा न्यायालयीन आहे. पश्चिम जर्मनीत १९८३ साठी ठरलेल्या जनगणनेत गोळा झालेली माहिती नगरपालिकांच्या नोंदवह्या दुरुस्त करण्यासाठी वापरण्याची तरतूद होती. लोकांनी तीव्र विरोध केला. १५ डिसेंबर १९८३ रोजी घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला की, स्वतःविषयीची माहिती कोणाला, कशासाठी द्यायची हे ठरवण्याचा अधिकार व्यक्तीचा आहे आणि सांख्यिकीसाठी घेतलेली माहिती प्रशासनाकडे परत जाता कामा नये. जनगणना चार वर्षे लांबली, पण तिला पक्का पाया मिळाला.

या निकालातले तत्त्व आज नोंदींच्या जनगणनेचा कणा आहे. माहिती प्रशासनाकडून सांख्यिकी कार्यालयाकडे जाते. उलट दिशेने कधीच नाही. सांख्यिकी कार्यालयाला एखाद्याच्या दोन नोंदींतील विसंगती दिसली, करचुकवेगिरीचा संशय आला, तरी ते करखात्याला कळवत नाही. ऑस्ट्रियाने याच्या पुढे पाऊल टाकले. तिथे प्रत्येक खात्यासाठी व्यक्तीचा वेगळा, गणिती पद्धतीने तयार केलेला क्रमांक असतो. करखात्यातील क्रमांकावरून आरोग्यखात्यातला क्रमांक ओळखता येत नाही. जनगणनेसाठी सांख्यिकी खात्याचा स्वतंत्र क्रमांक वापरून नोंदी जुळवल्या जातात आणि जुळणी करणाऱ्यांपुढे नाव येत नाही.

एका कारणासाठी केलेली नोंद दुसऱ्याच कारणासाठी किती काळाने उपयोगी पडू शकते, याचा अनुभव महाराष्ट्राने अलीकडेच घेतला. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि गावोगावची जुनी दप्तरे उघडली गेली. त्यांत गाव नमुना १४ ची कोतवाल बुके होती. मोडी लिपीतल्या त्या पानांवर जन्म आणि मृत्यू उतरवताना नावापुढे जातही लिहिलेली असे. लिहिणाऱ्याने ती जन्म-मृत्यूची नोंद म्हणून लिहिली. तीन-चार पिढ्यांनंतर ती आरक्षणाचा पुरावा झाली. नोंद टिकली की तिचे उपयोग वाढतात, म्हणून कोणता उपयोग मान्य आणि कोणता निषिद्ध हे कायद्याने आधीच ठरवून ठेवावे लागते.

नोंदवही नसलेल्या देशांचा प्रश्न

ज्यांच्याकडे लोकसंख्येची मध्यवर्ती नोंदवही नाही अशा देशांतही या रीतीची चाचपणी सुरू आहे. न्यूझीलंडमध्ये २०१८ च्या जनगणनेत ऑनलाइन प्रतिसादावर भर दिला गेला आणि प्रतिसाद अपेक्षेहून फार कमी आला. तेव्हा आरोग्य, शिक्षण, कर अशा नोंदी जुळवून सुमारे ११ टक्के माणसांची माहिती भरून काढण्यात आली. माओरी समाजाची नोंद त्या मोजणीत विशेष कमी झाली होती. त्यांच्या टोळ्यांची माहिती सरकारी दप्तरांतून भरून निघण्यासारखी नव्हती. तरीही २०२५ मध्ये न्यूझीलंडने जाहीर केले की, २०२३ ची पारंपरिक जनगणना अखेरची आणि २०३० पासून प्रशासकीय नोंदी हाच मुख्य आधार राहील.

ब्रिटनने त्याच वर्षी उलटा निर्णय घेतला. युद्धकाळात, १९३९ मध्ये, तिथे राष्ट्रीय नोंदणी झाली होती. ती १९५२ मध्ये बंद झाली आणि पुन्हा उभी राहिली नाही. दशकभराहून अधिक काळ नोंदींवरून जनगणनेचे प्रयोग झाले, पण शेवटी २०३१ मध्येही प्रश्नावलीची जनगणना करावी, ही सांख्यिकी प्राधिकरणाची शिफारस सरकारने मान्य केली. नोंदींचा वापर वाढेल, पण आधार म्हणून.

भारतापुढचे वास्तव

भारतात जनगणना १९४८ च्या कायद्याने होते. त्या कायद्याच्या १५ व्या कलमानुसार जनगणनेतील वैयक्तिक नोंदी कोणालाही पाहता येत नाहीत आणि त्या न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. २०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबणीवर पडली. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला. लडाख आणि जम्मू-काश्मीर, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड यांतील हिमाच्छादित भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६. साधने डिजिटल आली तरी गाभा दारोदार जाण्याचाच आहे.

मग आधारवरून मोजणी का करू नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिला आधार क्रमांक दिला गेला आणि आज तो जवळपास प्रत्येक हातात आहे. पण आधार ही ओळखीची यादी आहे, वास्तव्याची नोंदवही नाही. पत्ता बदलला की ठरावीक दिवसांत कळवण्याची सक्ती नाही. क्रमांक मिळालेला माणूस वारला तर तो आपोआप यादीतून जात नाही. २०२५ मध्ये मृत व्यक्तींचे एक कोटीहून अधिक क्रमांक निष्क्रिय करण्याचे काम वेगळी मोहीम काढून करावे लागले. आधार कायदा स्वतःच सांगतो की, हा क्रमांक नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही.

राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवही २०१० मध्ये घरयादीसोबत तयार झाली आणि २०१५ मध्ये अद्ययावत झाली. पण ती जनगणनेतून जन्मली. रोजच्या सेवांतून तिच्यात भर पडण्याची व्यवस्था नव्हती. नागरिकत्वाच्या प्रश्नाशी तिचे नाव जोडले गेले आणि अनेक राज्यांतून तिला विरोध झाला. जिच्यात आपले नाव आल्याने काय होईल याची धास्ती लोकांना वाटते, ती नोंदवही खरी राहू शकत नाही.

प्रत्यक्ष वास्तव्याचा प्रश्न त्याहून अवघड आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास टोळीने पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि पाच-सहा महिने फडाजवळच्या कोपीत राहतात. रेशनकार्ड गावचे, मतदारयादीतले नाव गावचे, मुलांची नावे गावच्या शाळेत. दप्तराच्या दृष्टीने ते गाव सोडून गेलेलेच नसतात. १ मार्चला ते कुठे आहेत, हे कोणतीही सरकारी नोंद सांगत नाही. बांधकामावर फिरणारी कुटुंबे, वीटभट्टीवरचे मजूर, मुंबईत भाडेकराराविना राहणारे लोक यांचेही तेच.

दारोदारची मोजणीही निर्दोष नसते. २०११ च्या जनगणनेनंतर झालेल्या तपासणी सर्वेक्षणात दर हजारी २३ माणसे सुटल्याचे आढळले. पण कोण सुटले, कुठे सुटले याचा अंदाज त्या सर्वेक्षणामुळेच बांधता आला. कोणत्याही रीतीला आपली चूक मोजण्याचे साधन जवळ ठेवावेच लागते आणि नोंदींच्या रीतीत ते साधन पुन्हा घरोघर जाणे हेच आहे.

भारतात या रीतीकडे जायचे असेल तर पायऱ्यांचा क्रम नॉर्डिक अनुभवाने स्पष्ट केला आहे. पहिली पायरी जन्म आणि मृत्यू यांची पूर्ण नोंद. १९६९ च्या नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने राष्ट्रीय पातळीवर अशा नोंदींचा संग्रह करण्याची तरतूद केली आणि जन्मदाखला शाळाप्रवेशापासून नोकरीपर्यंत अनेक कामांसाठी आधारभूत ठरवला. त्यामुळे जन्म नोंदवण्याची गरज वाढली; मृत्यू नोंदवण्याची तितकीच निकड लोकांना वाटेल अशी व्यवस्था अजून व्हायची आहे. दुसरी पायरी प्रत्येक घराचा निश्चित क्रमांक, झोपडपट्टीतल्या खोलीपासून वाडीवस्तीवरच्या घरापर्यंत. तिसरी पायरी हंगामी स्थलांतराची नोंद, आणि ती लोक स्वतःहून करतील तेव्हा, जेव्हा तिच्यामुळे फडावर रेशन मिळेल, मुलांना तिथल्या शाळेत बसता येईल, गरोदर बाईला तिथल्या आरोग्य केंद्रात नोंद सापडेल. चौथी पायरी कायद्याची : सांख्यिकीकडे आलेली माहिती पोलीस, करखाते किंवा नागरिकत्व पडताळणी यांकडे परत जाणार नाही, याची हमी. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल या हमीला घटनेचे बळ देतो. पाचवी पायरी दोन्ही रीती काही फेऱ्या एकत्र चालवून ताडून पाहण्याची.

या पायऱ्या ओलांडायला दशके लागतील आणि प्रत्येक पायरी जनगणनेच्या आधी लोकांच्याच कामाची आहे. मृत्यू वेळेवर नोंदला गेला तर विधवेला निवृत्तिवेतन वेळेवर मिळते, घराला क्रमांक असला तर रुग्णवाहिका पोचते, फडावर नोंद झाली तर मूल शाळेत टिकते. नोंदी माणसांच्या उपयोगी पडू लागल्या की लोक त्या खऱ्या ठेवतात, आणि खऱ्या नोंदींवरच खरी शिरगणती करता येते.